बा म्हटलं की येते

आमच्या मांजरीला नाव कुणी ठेवलं नव्हतं. नावं मात्र मी पुष्कळ ठेवली. घरात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या तपासायच्या उत्तरपत्रिकांवर दुधानं माखलेले पाय उमटवले आणि तेव्हापासून माझं तिच्याशी वाकडं झालं. मी शाळेत मराठी शिकवायचे. मांजर हा शब्द व्याकरणानं नपुंसकलिंगी, हे मी किती पिढ्यांना फळ्यावर लिहून दिलं असेल. पण आमच्या घरात ती पहिल्या दिवसापासून 'ती'च होती. सासूबाईंनी तसं ठरवलं होतं, आणि सासूबाईंचा शब्द आमच्याकडे व्याकरणाच्या वरचा.

सासूबाई अक्कलकोटकडच्या, बोलणं सगळं कानडी. मी करमाळ्याची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि शाळेतून निवृत्त झाले तेव्हाही फारशी प्रगती नव्हती. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घातून मला वेळच मिळाला नाही. नवरा दोन्ही बाजूंनी बोलायचा, त्यामुळे माझं कधी अडलंही नाही. सासूबाईंना मराठी सगळं कळायचं, पण हाक मारायची ती कानडीतच. 'बा' म्हणजे 'ये'. त्या देवघरातून म्हणायच्या, "बा, बा." मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आले हो, हातातलं टाकून येऊ का?" आणि राहिलेल्या दोन भाकऱ्या थापून मग सावकाश जायचे.

मांजर आली आणि तिलाही तीच हाक सुरू झाली. फरक एवढाच, की मांजर पहिल्या हाकेला धावायची. एकदा मी चिडून म्हटलं, "अव्वा, मला अन् मांजरीला एकच शब्द का? तिला काहीतरी नाव ठेवा." सासूबाई नवऱ्याकडे बघून कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि तो हसायला लागला. मी विचारल्यावर त्यानं सांगितलं, "अव्वा म्हणते, बा म्हटलं की येते, आणखी नाव कशाला? तू येत नाहीस, म्हणून तुला नावानं हाक मारावी लागते."

सासूबाई गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. मांजर त्यांच्या कॉटवर बसून राहिली. मी दूध ठेवलं, भाकरी कुस्करून ठेवली. "ये, ये" करून झालं, "माऊ, माऊ" करून झालं. ती कान हलवायची आणि परत डोळे मिटायची. चौथ्या दिवशी नवरा बाजारात गेल्यावर मी दार लावून घेतलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि म्हटलं, "बा." मांजर उठली, अंग ताणलं आणि माझ्या पायाशी आली. मी तिथंच फरशीवर बसून रडले. सासूबाई असताना त्यांच्याशी मी जो शब्द कधी बोलले नाही, तो मांजरीशी बोलायला लागले. पुढं माझं आणि तिचं चांगलंच जमलं.

आणि नेमका तेव्हाच मला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग न चढताही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एका यंत्रात फुंकर मारायला लावली आणि विचारलं, "घरात मांजर आहे का?" मी आहे म्हटलं. ते म्हणाले, "मांजरीला दुसरं घर बघा. नाहीतर हा श्वासाचा पंप तुम्हाला कायमचा." मी विचारलं, तिला गॅलरीत ठेवली तर? ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका होता ना? मग एकदा सांगितलेलं कळत असेल."

मला कळलं होतं. पण सात वर्षांच्या मांजरीला घर शोधायचं म्हणजे काय ते अजून कळायचं होतं. आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर मी तिचा फोटो टाकला. राखाडी अंग, पांढरे पाय, एक कान थोडा फाटलेला. खाली शुद्ध भाषेत दोन ओळी लिहिल्या. पहिला प्रश्न आला, "पर्शियन आहे का?" दुसरा, "किती महिन्यांची?" बाकीच्यांनी अंगठे दाखवले. वय कळल्यावर विचारपूसही थांबली. सगळ्यांना पिल्लू हवं होतं, हातात मावेल असं.

शेवटी पलीकडच्या बिल्डिंगमधलं एक नोकरदार जोडपं तिला घेऊन गेलं. भली माणसं होती. तिच्यासाठी त्यांनी मऊ गादी आणली, पुड्यातलं महाग खाणं आणलं. पाचव्या दिवशी दोघं मांजर घेऊन दारात उभी राहिली. "कितीही बोलावलं तरी रिस्पॉन्सच देत नाही हो. पलंगाखालून बाहेरच येत नाही." मी मांजर घेतली, चहा दिला, वाईट वाटल्यासारखं केलं. ते गेल्यावर नवरा म्हणाला, "त्यांना 'बा' सांगितलं नव्हतंस का?"

मी म्हटलं, "विसरले."

विसरले नव्हते. तिचं खाणं, तिचं पाणी, तिचा फाटका कान, सगळं कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो एक शब्द तेवढा ठेवून घेतला होता. मांजर द्यायची होती, पण शब्द द्यायला मन होत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या मांडीवर बसली आणि मला दोनदा पंप घ्यावा लागला. नवऱ्यानं उठून खिडकी उघडली.

आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात, त्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहतात. त्यांनी आपल्या गल्लीत मांजरीची गोष्ट काढली. दोन दिवसांनी मला फोन आला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, आणि पाठीमागं मागांची अशी खटखट की अर्धे शब्द त्यातच जात होते.

"अम्मा, तुमच्याकडं पिल्ली हाय म्हणं. मला पायजे."

मी म्हटलं, "नाही हो. आमच्याकडे पिल्लं नाहीत."

"पिल्ली न्हाय? मावशी तर म्हणली, हाय."

"मोठी मांजर आहे. सात वर्षांची."

"चालती की! मोठी पिल्ली चालती."

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मोठी पिल्ली? मी म्हटलं, "आजी, एक तर पिल्ली असा शब्द नाही. पिल्लू, पिल्ले. आणि पिल्लू मोठं झालं की त्याला मांजर म्हणतात." तिकडं खटखट चालूच. मग आवाज आला, "व्हय व्हय. पण पिल्ली हाय का न्हाय?" मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "अम्मा, ती पिल्ली..." मी म्हटलं, "आजी, पिल्ली नाही, पिल्ली नाही, किती वेळा सांगू?" आणि ठेवला. नवऱ्याला म्हटलं, लोकांना ऐकायचंच नसतं. एवढी चांगली मांजर आहे म्हणून सांगतेय, तर यांना पिल्लंच पाहिजेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक सत्तरीपुढची बाई, काठापदराची सुती साडी, कपाळभर कुंकू, हातात कापडी पिशवी. दोन मजले चढून आल्यामुळे धाप लागलेली. धाप लागलेल्या माणसाबद्दल मला त्या दिवसांत जरा जास्तच माया होती. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "पिल्ली बगायला आले."

मी कपाळाला हात लावला. "अहो आजी, तुम्हीच का त्या? मी फोनवर सांगितलं ना, पिल्ली नाही म्हणून?"

तेवढ्यात मांजर आतून आली आणि दोघींच्या मध्ये येऊन बसली. आजींनी तिच्याकडे बोट दाखवलं. "मग ही काय हाय?"

"ही मांजर."

"तेच की! पिल्ली!"

 आतून नवऱ्याचा हसण्याचा आवाज आला. त्यानं सांगितलं, तेलुगूत मांजरीलाच पिल्ली म्हणतात. निम्मं सोलापूर हा शब्द ऐकत मोठं झालं असेल, आणि मी, भाषेची शिक्षिका, पस्तीस वर्षं या गावात राहून एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच भाषेतल्या शब्दाचं अनेकवचन शिकवत बसले होते. सात वर्षांची मांजरच मागणारं एकुलतं एक माणूस मी दोनदा फोन आपटून घालवलं होतं. ते तिसऱ्या दिवशी आपणहून जिना चढून आलं, हे माझं नशीब. मी माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "तुमी मास्तरीन हाय न्हवं? शिकवणारच की."

मग त्या फरशीवर बसल्या. मी खुर्ची पुढं केली, पण त्यांना खालीच बसायचं होतं. मांडी घातली, पदर सारखा केला आणि मांजरीकडे न बघता माझ्याशी बोलायला लागल्या. आयुष्यभर बिड्या वळल्या होत्या. लहानपणापासून मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. आता डोळ्यांना दिसत नाही, बोटं वळत नाहीत. मुलाचे घरात दोन माग आहेत, टॉवेल विणतात. सगळी कामात असतात.

"मांडी रिकामी हाय, अम्मा," त्या म्हणाल्या. "सूप गेलं तवापासनं बसवत न्हाय. छोटं पिल्लू नको मला. ते पळतंय, मागात जातंय. मोठी पायजे, बसणारी."

मग त्यांनी जे प्रश्न विचारले ते मला आजवर कुणीच विचारले नव्हते. झोपती कुठं? आवाजाला भिती का? कान कशानं फाटला? सासू गेल्याचं मावशी म्हणली, ते तिला कळलंय का? लोकांनी तिची जात विचारली होती, वय विचारलं होतं, फोटोला अंगठे दाखवले होते. मांजरीबद्दल या बाईनं पहिल्यांदा विचारलं. मी उत्तरं देत गेले आणि मनातल्या मनात धास्तावत गेले, कारण शेवटचा प्रश्न कुठला येणार ते मला कळून चुकलं होतं.

"बोलवता कसं हिला?"

मी चहाचे कप उचलले. आत नेऊन ठेवले. पुन्हा बाहेर आले. त्या तशाच उत्तराची वाट बघत बसलेल्या. मांजर माझ्याकडे बघत होती आणि माझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. मी म्हटलं, "बा."

"बा? कानडी?"

"हो. सासूबाई म्हणायच्या."

आजींनी मान हलवली. मग तोंडातल्या तोंडात दोनतीनदा म्हणून बघितलं, नवीन पदार्थाची चव बघावी तसं. आणि अगदी हळू, मांजरीकडे न बघताच म्हणाल्या, "बा... बा." मांजरीनं मान वळवली. ती उठली, दोन पावलं गेली, पिशवीचा वास घेतला आणि पिशवीला चिकटूनच बसली. पिशवीत सुकट होती. आमचं घर शाकाहारी. बिचारीनं सात वर्षं दूध-भाकरीवर काढली होती, आणि आता तिला वास लागला होता. मी नाकाला पदर लावला, पण मला खरोखर आनंद झाला होता. दुःखही झालं होतं. दोन्ही एकदमच झालं.

मी म्हटलं, मग घेऊन जाता का? तर आजींनी नाही म्हटलं. "अशी उचलून न्हेऊ नये. मी चार दिस येते. माझा वास कळू दे तिला."

आणि त्या आल्या. पूर्व भागातून आमच्याकडे यायचं म्हणजे दोन रिक्षा बदलायच्या, वर दोन मजले, आणि गुडघे असे की प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत यायचं. तरी चारही दिवस अकराला बेल वाजली. त्या यायच्या, पाणी प्यायच्या, मांडी घालून तासभर बसायच्या. मांजरीला ओढायचं नाही, धरायचं नाही. मी वर्गात पोरांना शांत बसवण्यात जन्म घातला, पण असं शांत बसून कुणाला आपलंसं करता येतं, हे मला त्या फरशीवर बघायला मिळालं. तिसऱ्या दिवशी मांजर मांडीच्या काठाशी टेकली. चौथ्या दिवशी ती मांडीत चढली, गोल झाली आणि घुरघुरायला लागली. आजी इतका वेळ हलल्या नाहीत की उठताना त्यांना नवऱ्यानं आणि मी दोन्हीकडून धरून उठवावं लागलं.

न्यायच्या दिवशी त्या मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या हातात झाकणाची टोपली, आजींच्या हातात एक ताट. ताटात नारळ, हळदीकुंकू, माझ्यासाठी खण आणि नवऱ्यासाठी टॉवेल-टोपी. टॉवेल त्यांच्याच मागावरचा. मी म्हटलं, "हे काय आजी? मांजर नेताय की सून?"

त्या म्हणाल्या, "पोरीच्या घरातनं रिकाम्या हातानं न्हेत न्हाईत."

नवऱ्यानं लगेच टोपी डोक्यावर घातली आणि व्याह्यासारखा ताठ बसला. मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. आजींनी मांजरीसोबत काहीतरी या घरच्या वासाचं मागितलं होतं. मी सासूबाईंची जुनी इरकल साडी काढून टोपलीत अंथरली. मांजर आत बसली. आजी "बा, बा" म्हणत जिना उतरल्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी दारातच थांबले. नवरा म्हणाला, खाली येतेस का? मी नाही म्हटलं. मला दमही नव्हता आणि धीरही नव्हता.

त्यानंतर घर झाडून, पुसून, पडदे धुवून झाले. पंधरा दिवसांत पंप कमी झाला. श्वास मोकळा झाला आणि घर भकास. आजींचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. पिल्ली जेवली. पिल्ली सुतावर झोपली. पिल्लीनं उंदीर आणला. मी आता ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं झालं, पिल्ली खूश आहे ना?" शेवटी त्याच म्हणाल्या, "बगायला या की एकदा."

महिन्याभरानं गेले. रिक्षातून उतरले तेव्हाच खटखट ऐकू आली. गल्लीतल्या घराघरात माग. आजींच्या घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत दोन माग चालू, आणि त्या आवाजात, जिथं मला माझा विचार ऐकू येत नव्हता, तिथं टॉवेलांच्या ढिगावर आमची मांजर उताणी झोपली होती. अंगानं चांगली भरली होती. खाली इरकलीची घडी होती. मी दाराबाहेरच थांबले. डॉक्टरांची ताकीद होती, आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. हाक मारली आणि ती आली नाही तर? हाक मारली आणि ती आली तर?

मी हाक मारलीच नाही. आजींची नात आतून आली आणि ढिगाजवळ वाकून म्हणाली, "बा, बा." मागावरून आजींच्या मुलानं मान वळवून तेच म्हटलं. मांजर उठली, आळस दिला, मुलीच्या मागं चालायला लागली. त्या घरात सगळे एकमेकांशी तेलुगूत बोलत होते. फक्त मांजरीशी कानडीत. आपल्या भाषेतला शब्द तिला शिकवणं त्यांना सहज जमलं असतं. आठ दिवसांत शिकली असती. पण आजींनी मांजरीला नवा शब्द शिकवला नाही, सगळ्या घराला मांजरीचा शब्द शिकवला होता. मी जो शब्द लपवून ठेवला होता तो इथं तीन तोंडांत खेळत होता. सासूबाई पाहायला असत्या तर मला काय काय बोलल्या असत्या, आणि ते मला कळलंही नसतं.

आतल्या उंबऱ्याशी आजी बसल्या होत्या. मांजर त्यांच्या मांडीत चढली, गोल झाली. तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांचा चेहरा फुलला. मांडीत मांजर, त्यामुळे उठता येईना. त्यांनी बसल्या जागेवरूनच हात वर केला आणि मागांच्या वर आवाज काढून मला हाक मारली.

"बा! बा अम्मा, बा!"

मला क्षणभर कळेना, ही हाक मला का. मग लक्षात आलं. आजी धरून चालल्या होत्या की मी कानडी. सासूबाईंचा शब्द म्हणजे माझाही शब्द. पाहुणीला तिच्या भाषेत बोलवावं, एवढा साधा हिशेब त्यांचा. जन्मभर मी लोकांच्या चुका लाल शाईनं दुरुस्त केल्या. या बाईचा बरोबर शब्दसुद्धा मी चूक ठरवला होता. आणि आता तिनं खरोखरच चूक केली होती, आणि तीन वर्षांत मला 'बा' म्हणून कुणी बोलावलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा हात हलवला. "बा, बा."

"आले," मी म्हटलं, आणि चपला काढून लगेच आत गेले.